लेकीच्या हृदयातली जाळी, सहा महिन्यांनंतर

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला एएसडी होता, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासूनच १४ मिलिमीटरचं भोक. डावीकडचं रक्त त्यातून उजवीकडे घुसायचं, त्यामुळे उजवी बाजू फुगत चालली होती. छाती न उघडता ते बुजवायला अँप्लाट्झर सेप्टल ऑक्लूडर नावाची जाळी बसवली.

डॉक्टरांनी आधी एक नमुना माझ्या हातात दिला होता. निकेल आणि टायटॅनियमच्या बारीक तारांची विणलेली जाळी, दोन चकत्या, मध्ये आखूड कंबर, आत पॉलिएस्टरचं कापड. नळीत ओढली की ती दोरीसारखी लांबट होते. पुढे ढकलली की आधी एक चकती फुलते, मग कंबर, मग दुसरी चकती. मी तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा आकार जसाच्या तसा. जांघेतल्या शिरेतून हृदयापर्यंत ती अशीच मिटून जाते आणि पडद्याला दोन्ही बाजूंनी धरून बसते.

मला खरा धीर दिला तो स्क्रूने. शेवटपर्यंत जाळी तिला पुढे ढकलणाऱ्या तारेला स्क्रूनेच जोडलेली असते, आणि तोवर ती परत आत ओढता येते. लेकीच्या वेळी पहिल्या खेपेला खालची कड नीट धरली गेली नव्हती, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ते दिसलं. जाळी आत ओढून पुन्हा बसवली, मगच स्क्रू सोडला.

राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. खोटे कानातले घातले की लेकीचे कान लाल होतात, खाज सुटते. रुग्णालयात धातूच्या ॲलर्जीबद्दल कुणी विचारलंच नाही! संमतीपत्रावर सही करताना 'निकेल' शब्द दिसला म्हणून मीच विषय काढला. मग त्वचेची चाचणी झाली आणि तारीख आठवडाभर पुढे गेली. चाचणीत काही निघालं नाही, पण हा प्रश्न पहिल्या भेटीतच यायला हवा होता. तुम्ही नक्की विचारा.

प्रत्येक भोकाला हे चालत नाही. ते सिकंडम प्रकारचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागातलं, असावं लागतं आणि भोवती धरायला पुरेसा पडदा लागतो. प्रायमम (पडद्याच्या तळाशी, झडपांजवळ) किंवा सायनस व्हिनोसस (मोठी शीर हृदयात शिरते तिथे) असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. जांघेत टाचणीएवढी खूण, बाकी काही नाही. महिनाभर पळणं बंद होतं, ते मात्र तिला फार जड गेलं. जाळीवर हृदयाचंच अस्तर चढेपर्यंत, म्हणजे सहा महिने, रोज ॲस्पिरिन दिली. तेवढ्या काळात दातांचं काही काम निघालं तर आधी अँटिबायोटिक द्यायला सांगितलं होतं. जाळी सरकणं किंवा हृदयाच्या भिंतीला घासणं क्वचितच होतं, तरी छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

परवाच्या इकोत पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसल्या. आधी तिथून उसळणारा लाल झोत कुठेच नव्हता, आणि उजवी बाजूही लहान झाली आहे. डिव्हाइसचं कार्ड मी तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय. एमआरआय करायची वेळ आली तर ते आधी दाखवावं लागतं.