तज्ज्ञ डॉक्टरचा अहवाल चुकीचा वाटतोय: ग्राहक आयोगात लढायचं की मेडिकल कौन्सिलकडे जायचं?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्राहक आयोगात वैद्यकीय हलगर्जीपणाची केस सुरू असताना समोरच्या बाजूच्या तज्ज्ञाचा अहवाल हातात पडतो आणि माणूस हबकतो. रुग्णाचा नातेवाईक हबकतो, तसाच आरोप झालेला डॉक्टरही. पुढे मुख्य वाटा दोन आहेत.

केसचा निकाल आपल्या बाजूने हवा असेल तर आयोगातच भिडा. तज्ज्ञाचं मत आयोगावर बंधनकारक नसतं. तज्ज्ञाला लेखी प्रश्नावली देता येते, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून उलटतपासही घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये जे. जे. मर्चंट प्रकरणातच ही वाट मोकळी केली. खरी ताकद प्रश्नांत आहे. प्रसूतीची केस घ्या. अहवालात 'उपचार प्रचलित पद्धतीनुसार झाले' एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा: पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकते याच्या नोंदींचा तक्ता) पाहिला का? बाळाच्या ठोक्यांची शेवटची नोंद किती वाजताची? सिझेरियन ठरल्यापासून टेबलावर घेईपर्यंत किती वेळ गेला? मत कोणत्या ग्रंथाच्या आधारावर दिलं? केसपेपर न वाचता सही केली असेल तर ते इथे उघडं पडतं.

खानदेशात अडचण वेगळीच आहे. एका शाखेचे मोजके तज्ज्ञ, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. विरोधात लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. म्हणून आपला तज्ज्ञ नाशिक, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरकडचा, त्याच शाखेचा शोधा. प्रवासाचा आणि फीचा खर्च होईल, पण तो सत्कारणी लागतो.

डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं काम निराळं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेतल्या 7.7 कलमानुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या अहवालावर सही केली तर डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढलं जाऊ शकतं. तपासणारे स्वतः डॉक्टर असल्याने वकिलाच्या नजरेतून सुटलेली गफलत त्यांच्या ध्यानात येते. मात्र तिथे भरपाई मिळत नाही, आयोगाचा निकालही बदलत नाही, आणि खेटे मुंबईचे. तरी ही वाट मला फार मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिलेले बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांच्या प्रकरणात अपील न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं, की कोर्टात साक्ष दिली म्हणून डॉक्टर व्यावसायिक चौकशीतून सुटत नाही. अमेरिकेत न्यूरोसर्जनांच्या संघटनेने साक्षीवरून एका सदस्याला सहा महिने निलंबित केलं. 2001 मध्ये कोर्टाने ते उचलून धरलं. संघटना फक्त रुग्णांच्या बाजूच्या साक्षीदारांनाच पकडते, अशी त्या डॉक्टरची तक्रार होती. ती गांभीर्याने घ्यायला हवी. डॉक्टरला वाचवणारा खोटा अहवाल आणि डॉक्टरला अडकवणारा खोटा अहवाल, दोन्हींना माप एकच हवं.

खोट्या साक्षीचा फौजदारी गुन्हा ही तिसरी वाट. भारतीय न्याय संहितेत शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, पण जाणूनबुजून खोटं बोलल्याचं सिद्ध करावं लागतं. नुसत्या चुकीच्या मतासाठी तिकडे वळू नका.

माझा सल्ला: आधी आयोगात प्रश्नावली द्या. उत्तरं आली, की त्यांच्या प्रमाणित प्रती, मूळ अहवाल आणि केसपेपर जोडून कौन्सिलकडे तक्रार करा. त्या उत्तरांवर तज्ज्ञाची सही असते, त्यामुळे पुढे शब्द फिरवणं त्याला अवघड जातं.