पत्र्याखाली चिंध्यांचं सीलिंग, आठ महिन्यांनंतर

धायरीत आमच्या टेरेसवर पत्र्याची खोली आहे, आई तिथे शिवणकाम करते. उन्हाळ्यात बारानंतर तिथे बसवतच नाही, मशीनचं चाकसुद्धा चटका देतं. थर्माकोल मला नकोच होतं म्हणून मार्चमध्ये जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून, दाबून केलेले 50 मिमीचे पॅनेल लावून घेतले, पत्रा आणि पॅनेलच्या मध्ये दीड इंच मोकळी जागा सोडून. आई म्हणाली, "म्हणजे छताला गोधडीच की रे!" आणि काम खरंच तसंच आहे, धाग्यांमध्ये अडकलेली हवाच उष्णता अडवते, ग्लासवूलच्या (काचेच्या बारीक धाग्यांच्या लोकरीच्या) जवळपास जातं आणि हाताला खाज नाही सुटत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दुपारी तीनला थर्मामीटर 41 दाखवायचा, यंदा 36-37. त्याहून मोठा फरक म्हणजे डोक्यावर पडणारी ती धग गेली. रात्री मात्र खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात, आतली गरमी वरून लवकर निघत नाही.

जुलैत पावसाचा ताशा थांबला, फोनवर बोलता यायला लागलं, आम्ही खुश. आणि मग एका कोपऱ्यात पिवळा डाग, दोन दिवसांनी कुबट वास. उतरवलं तर पॅनेल ओल्या सतरंजीसारखं जड, आत जीन्सचे निळे धागे, एक तुटकी चेनपण निघाली. वर स्क्रूचं रबर वॉशर चिरलेलं होतं. सीलिंग नसतं तर पहिल्याच दिवशी थेंब फरशीवर दिसला असता, इथे पॅनेल कितीतरी दिवस गुपचूप पाणी पीत राहिलं! कॉटन नुसत्या हवेतूनच वजनाच्या 8.5 टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4. लावणाऱ्याने आधी वॉशर बघायला हवे होते, त्याने बघितले नाहीत याचा मला अजून राग आहे. सगळे वॉशर बदलले, त्या कोपऱ्यात प्लास्टिक बाटल्यांपासून केलेला फेल्ट, म्हणजे पॉलिएस्टरच्याच धाग्यांची दाबलेली जाड चादर, लावला, त्यानंतर वास नाही. पण तो फेल्ट आगीजवळ वितळून थेंब गळतात, किचनमध्ये अजिबात लावू नका.

चिंध्यांचं पॅनेल घेताना आग रोखणाऱ्या बोरॅक्सची प्रक्रिया केलेलंच मागा, तुकडा बाहेर नेऊन लायटरने पेटवून बघा. आमचा काळा पडला, ज्योत धरली नाही. वायरिंग मात्र पाइपातूनच न्या.

आता खाली बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला हेच लावायचं आईने ठरवलंय. त्या भिंतीवर टाकीचं पाणी झिरपतं, आधी प्लंबरला बोलावलंय.