पायऱ्या ठेवाव्यात, पॅव्हेलियन पाडावे: एका महाविद्यालयीन फुटबॉल मैदानाचे परीक्षण

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या मैदानावर गेल्या महिन्यात मी लागोपाठ तीन फुटबॉल सामने पाहिले. विद्यार्थिदशेत याच मैदानावर तीन मोसम उजव्या बगलेला खेळलो असल्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र त्यानंतरचे सारे आयुष्य इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात गेल्याने खेळाइतकेच माझे लक्ष खांब, स्लॅब आणि गटारे यांच्याकडेही जात होते. व्यवस्थापनापुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. पहिला आहे त्याच बांधकामाच्या डागडुजीचा, तर दुसरा सर्व काही पाडून धावपट्टीसह नवे स्टेडियम उभारण्याचा. प्रवेशद्वाराजवळ लावलेले नव्या स्टेडियमचे रंगीत चित्र लोक कौतुकाने न्याहाळतात. मला ते चित्र पाहून काळजी वाटली.

या मैदानाची खरी श्रीमंती पूर्वेकडे आहे. डोंगराचा उतार कापून त्यावर चिऱ्यांच्या अकरा पायऱ्या बांधलेल्या असून सर्वांत खालची पायरी टचलाइनपासून (मैदानाच्या लांब बाजूच्या सीमारेषेपासून) जेमतेम सहा-सात पावलांवर येते. येथे बसले की बचावपटूने आपल्या गोलरक्षकाला घातलेली साद स्पष्ट ऐकू येते, आणि चेंडू अंगावर येईल म्हणून पुढच्या रांगेतील प्रेक्षकाला सावधही राहावे लागते. काही चिरे निखळले आहेत, सांध्यांतून गवत उगवले आहे, वरच्या दोन पायऱ्या काजूच्या मुळांनी उचलल्या आहेत. परंतु हे सारे गवंडीकामाने सुधारण्याजोगे आहे. चिऱ्याच्या बांधकामात गंजायला लोखंडच नाही, आणि पायऱ्यांचा भार थेट जमिनीवर असल्याने त्या कोसळण्याची भीतीही नाही.

पश्चिमेकडील काँक्रीटच्या पॅव्हेलियनची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या पुढे झेपावलेल्या छताच्या स्लॅबखाली सळयांच्या रेषेत तडे गेले आहेत आणि तीन ठिकाणी गिलावा पडून तांबूस सळया उघड्या झाल्या आहेत. काँक्रीटचा अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) गुण सळईचे संरक्षण करतो; परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की ते संरक्षण संपते, ओल पोहोचते आणि गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरत असल्याने तो आतूनच काँक्रीट फोडून बाहेर येतो. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने या तड्यांवर सिमेंट लिंपून वर पांढरा रंग दिला होता आणि त्या कामाचा फलकही लावला होता. फलक अजून शाबूत आहे, सिमेंट पडले आहे. खरी दुरुस्ती करायची तर सैल काँक्रीट काढून, सळया घासून, कुचकामी झालेल्या बदलून, पॉलिमरयुक्त मॉर्टर भरावे लागते. त्याआधी अल्ट्रासोनिक चाचणी आणि गाभ्याचे नमुने घेऊन स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. एका टोकाला आधार नसलेल्या छताची ही अवस्था झाल्यावर एवढा खर्च करून ते टिकवण्यात मला हशील दिसत नाही. ऑडिटचा अहवाल येईपर्यंत तरी त्याखाली कोणालाही बसू देऊ नये.

दोन्ही मार्गांची उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. मडगावचे फातोर्डा स्टेडियम 1989 चे. त्याच वर्षी तेथे ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना झाला. 2014 च्या लुसोफोनिया (पोर्तुगीजभाषक देशांच्या) क्रीडास्पर्धेसाठी ते पाडले गेले नाही, तर त्याचे नूतनीकरण झाले, आणि 2017 मध्ये तेथेच 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. क्रिकेटही सामावणारा लंबगोल मात्र कोणत्याही नूतनीकरणाने बदलत नाही, त्यामुळे गोलखांबांमागील प्रेक्षक खेळापासून दूरच राहतो. त्याच स्पर्धेसाठी बांबोळीला गोमेकॉजवळ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ) ॲथलेटिक स्टेडियम नव्याने उभे राहिले. धावण्याच्या शर्यतींसाठी ते योग्यच आहे. परंतु आठ मार्गिकांची धावपट्टी सुमारे दहा मीटर रुंद असते, आणि चारशे मीटरच्या धावपट्टीच्या वळणांमुळे गोलच्या बाजूचे अंतर त्याहूनही पुष्कळ वाढते. आमच्या महाविद्यालयाच्या रंगीत चित्रात नेमकी हीच धावपट्टी आहे, म्हणजे पायऱ्यांवरची ती जवळीक आपल्याच हाताने घालवायची.

अमेरिकेतील विद्यापीठांपुढेही हाच पेच असतो, अर्थात तेथील फुटबॉल आपला नव्हे. हार्वर्डचे 1903 मधील काँक्रीटचे स्टेडियम दुरुस्त्या करीत आजही वापरात आहे, तर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 1926 चे स्टेडियम पाडून नवे बांधायला घेतले, आणि विशेष म्हणजे सुमारे 47 हजारांची आसनक्षमता कमी करून 35 हजारांवर आणली. नवे म्हणजे मोठेच असले पाहिजे, हा आग्रह तेथेही सुटला आहे.

आता ज्या गोष्टीचा दोन्ही प्रस्तावांत धड उल्लेखही नाही तिच्याकडे वळतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पूर्वी पायऱ्यांच्या माथ्यावर डोंगराचे पाणी अडवून बाजूने ओहोळात सोडणारा एक चर होता. आमच्या वेळी मोसमाआधी तो साफ करण्याचे काम आम्हा खेळाडूंनाच असे. तो आता मातीने आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी भरला आहे, त्यामुळे डोंगरावरचे लाल पाणी पायऱ्यांवरून थेट मैदानात उतरते आणि दक्षिणेकडील गोलपुढे साचते. मी पाहिलेल्या दुसऱ्या सामन्यात त्या डबक्यात चेंडू तीनदा अडकला, आणि निर्णायक गोल त्याच चिखलात झाला. चर मोकळा करून टचलाइनबाहेर सच्छिद्र नळ्यांचा निचरा घातला, मैदानाला मध्यापासून कडेकडे किंचित उतार दिला आणि गवत नव्याने लावले, तर निम्मी तक्रार मिटेल.

इतर सोयींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रवेशद्वार एकच आणि अरुंद आहे, स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नाही, आणि चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, हे व्यवस्थापनाला ठाऊक असावे. फाटकाबाहेरचा रस-ऑम्लेटचा (रस्सा घातलेल्या ऑम्लेटचा) गाडा मात्र उत्तम.

आजच्या स्थितीत मी या मैदानाला पाचपैकी तीन गुण देतो, आणि ते तिन्ही पूर्वेकडील पायऱ्यांचे आहेत. पॅव्हेलियनच्या जागी हलक्या छताचा, बुटका, रॅम्प असलेला मंडप बांधावा, मलबा नियमांनुसार वेगळा करून पाठवावा आणि धावपट्टी चित्रातच राहू द्यावी. एक अडचण मी मान्य करतो: मैदान दक्षिणोत्तर असल्याने गोलरक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही, परंतु पूर्वेकडील प्रेक्षक पश्चिमेला तोंड करून बसतात, आणि आज पॅव्हेलियनच्या छतामागे सूर्य गेला की त्यांना जो दिलासा मिळतो तो बुटक्या मंडपामुळे अर्धा तास उशिरा मिळेल. साडेचारच्या सामन्याला जाणाऱ्यांनी तोपर्यंत वरच्या दोन पायऱ्या गाठाव्यात; तेथे काजूच्या फांद्या पुढे आलेल्या आहेत.