फुटबॉल मॅनेजर २०२४ : परदेशात गेलेला खेळाडू का रुजत नाही, हे या गेमला किती कळतं?

ब्राझीलमध्ये धडाधड गोल करणारा पोरगा इंग्लिश क्लबात आणला आणि डिसेंबर उजाडला तरी त्याच्या नावावर दोनच गोल. मग जळगाव असो की भुसावळ, मॅनेजर गेम खेळणारे एकच म्हणतात: गेम गंडलाय. क्लबचा मॅनेजर होऊन खेळाडू घ्यायचे, विकायचे आणि संघ चालवायचा, अशा स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हच्या या गेममध्ये बहुतेक वेळा खरेदीच गंडलेली असते. मालिकेची २०२५ ची आवृत्ती रद्द झाली आणि २०२६ ची युनिटी इंजिनवर, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या नव्या सॉफ्टवेअरवर आली. जुन्या लॅपटॉपवाल्यांना २०२४ चीच अजून सोयीची, म्हणून परीक्षण तिचं, आणि तेही एवढ्या एकाच बाजूने.

पासिंग, फिनिशिंग, वेग असे १ ते २० मधले गुण खेळाडूच्या पानावर दिसतात. त्यांच्यामागे काही आकडे लपवलेले असतात, आणि त्यातलाच एक म्हणजे ॲडॅप्टॅबिलिटी, परक्या देशात रुळण्याची क्षमता. तो थेट दिसत नाही, स्काउटच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या माणसाच्या, अहवालातल्या एखाद्या वाक्यातून ओळखावा लागतो. म्हणून अहवाल अर्धवट असताना बोली लावू नका. परदेशात रुळायला जड जाईल अशा अर्थाची ओळ आली, तर भाव कितीही पडलेला असो, हात आखडता घ्या.

यानंतर खेळाडूच्या माहितीत भाषा बघा. बरेच जण इथेच फसतात. त्याला येणारी भाषा बोलणारे दोन-तीन जण आपल्या संघात असतील तर तो लवकर मिसळतो. नसतील तर करार झाला त्याच दिवशी त्याला भाषेच्या वर्गाला घाला. वर्गाला काही महिने लागतात आणि ‘उदास दिसतोय’ असा निरोप आल्यावर घातलं तर निम्मा हंगाम निघून गेलेला असतो. करारात खेळण्याच्या वेळेचं आश्वासनही जपून द्या. नवख्याला ‘स्टार प्लेयर’ म्हणून आणलं आणि चार सामने बाकावर बसवलं की तो रुसतो, म्हणजे घरची आठवण आणि मॅनेजरवरचा राग दोन्ही एकदम. ‘स्क्वॉड प्लेयर’ म्हणून आणा, बढती मागाहून देता येते.

गेम सगळ्यात खरा वाटतो तो भूमिकेच्या बाबतीत. फ्रान्सचा थिएरी ऑन्री जानेवारी १९९९ मध्ये इटलीतल्या युव्हेंटसला गेला. तिथे त्याला बाजूने पळवलं, लीगच्या १६ सामन्यांत ३ गोल झाले आणि ऑगस्टमध्ये तो इंग्लंडच्या आर्सेनलला आला. तिथले मॅनेजर वेंगर यांनी त्याला मधला स्ट्रायकर केलं, आणि २००३-०४ च्या लीगमध्ये त्याचे ३० गोल झाले. पाय तेच होते, बदलली होती जागा. डेनिस बर्गकाम्पचंही तसंच. नेदरलँड्सच्या आयाक्सच्या हल्ल्याच्या खेळातून तो १९९३ मध्ये इटलीतल्या इंटरच्या बचावाच्या खेळात गेला आणि दोन हंगामांत लीगमध्ये त्याला फक्त ११ गोल करता आले. गेममध्ये जागा किंवा रोल (त्या जागेवरचं काम) बदलला की खेळाडूला ते किती सवयीचं आहे हे दाखवणारी पट्टी खाली येते, संघाची नवी रचनाही पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडत नाही. तेव्हा जुन्या क्लबात तो ज्या जागेवर खेळायचा, तीच जागा पहिले सहा महिने द्या. प्रयोग पुढच्या हंगामात.

वेळापत्रक हे दुसरं दुखणं. युरोपचा मोठा हंगाम ऑगस्ट ते मे. ब्राझीलची लीग डिसेंबरला संपते, म्हणजे जानेवारीत आणलेला खेळाडू वर्षभर दमून थेट तुमच्या हंगामाच्या मध्यात पडतो, विश्रांती नाही, सरावाचे महिने नाहीत. जर्मनीतून इंग्लंडला येणाऱ्याचे लीगमधले सामने ३४ वरून ३८ होतात आणि हिवाळ्याची सुट्टी जाते. गेममध्ये अशा खेळाडूच्या थकव्याबद्दल सूचना येते, ती वाचून पुढे ढकलू नका. आठवडाभर सुट्टी द्या, मग अर्धा-अर्धा सामना खेळवा. जमलं तर खरेदी जुलैतच करा, पाच-सहा मैत्रीपूर्ण सामन्यांत निम्मं काम होतं. रावेर-यावलकडे टिश्यू कल्चरचं केळीचं रोप लॅबमधून थेट काळ्या रानात कोणी लावत नाही, आधी शेडनेटमध्ये कणखर करतात. तसंच एकवीस वर्षांच्या पोराला आधी त्याच देशातल्या खालच्या लीगमध्ये लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाला उसना, पाठवा. गेम या सबुरीचं फळ देतो.

आता उणं काय ते. गेममध्ये कुटुंब जवळपास नाहीच. २०१४ मध्ये आन्हेल दि मारिया ५ कोटी ९७ लाख पौंडांना मँचेस्टर युनायटेडला आला. प्रीमियर लीगमध्ये २७ सामन्यांत ३ गोल झाले आणि वर्षभरातच तो पॅरिसला गेला. जागा सारखी बदलली जात होती हे गेम दाखवू शकेल. पण २०१५ च्या सुरुवातीला घरचे आत असताना त्याच्या घरावर चोरट्यांनी केलेला हल्ला कुठल्या आकड्यात मांडणार? पंच किती धक्काबुक्की चालवून घेतात हा देशादेशातला फरकही पुसटच आहे. हवामानाचंही तसंच. सामन्यात पाऊस आहे, ऊन आहे, पण उष्ण देशातल्या पोराचं थंडीत काय होतं याचा कळण्यासारखा हिशेब नाही. पंचेचाळीस अंशांत मॅच काढणाऱ्या खान्देशी पोरांना ही उणीव लगेच खटकेल.

भारतीय खेळाडू बाहेर पाठवायची हौस असेल तर इंग्लंड विसरा. तिथल्या वर्क परमिटला १५ गुण लागतात. राष्ट्रीय संघाचे गुण मिळायला तो संघ क्रमवारीत पहिल्या ५० मध्ये हवा, आणि लीगचे गुण ठरवायच्या यादीत आपली लीग सगळ्यात खालच्या गटात. गेममध्येही हा नियम आहे. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या ‘बरी’ (Bury) क्लबला गेला तो काळ वेगळा होता. नॉर्वे उघडून बघा. गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये स्टाबेकला गेला आणि लीगमधल्या पहिल्या सामन्यासाठी त्याला २०१६ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. गोलकीपर पाठवलात तर तेवढीच तयारी ठेवा. स्ट्रायकरला एवढं थांबायला कुणी देत नाही. सुनील छेत्री २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबाच्या बी संघात गेला होता, तिथे त्याला मोजकेच सामने मिळाले.

घ्यावा का? मराठी-हिंदी नाही, इंग्रजी भरपूर वाचावं लागतं, आणि ज्याला दहा मिनिटांत गोल बघायचाय त्याने लांबच राहावं. बाकीच्यांनी बेलाशक घ्यावा. ४ जीबी रॅमवर चालतो, मात्र डेटाबेस, म्हणजे गेममध्ये किती खेळाडू भरायचे ते, ‘स्मॉल’ ठेवा आणि भारत, इंग्लंड, नॉर्वे एवढ्याच लीग खेळण्याजोग्या उघडा. जास्त उघडल्या की एकेक दिवस पुढे सरकायला चहा होऊन जातो. मे महिन्यात थ्री-डी सामना बंद करून टू-डी लावा, लॅपटॉपचा पंखा कमी ओरडेल. आणि ऑटोसेव्ह दर आठवड्याला ठेवा. लाईट जाते ती नेमकी ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे खेळाडू खरेदी-विक्रीच्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी, आणि बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर तो अख्खा दिवस पुन्हा खेळावा लागतो.