मामांच्या फुप्फुसातला ७ मिलिमीटरचा डाग आणि एक नीट लिहिलेला रिपोर्ट

सोलापुरातल्या एका सीटी स्कॅन सेंटरबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण मी इथल्याच एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर अकरा वर्षं काम करते आणि सगळ्यांशी रोजचा संबंध येतो. या वर्षांत हजारो रिपोर्ट हाताखालून गेले. घरच्या माणसाचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मात्र एकेक शब्द चारचारदा वाचला.

मामा म्हणजे माझे सासरे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्षं पॉवरलूमवर काम केलं. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत खोकला धरला, तो महाशिवरात्र आली तरी सुटेना. एका हॉस्पिटलात छातीचा एक्स-रे काढला, दोन दिवस अ‍ॅडमिट केलं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं होतं ‘सीए लंग’ आणि त्याआधी प्रश्नचिन्ह. डिस्चार्ज कार्ड टाइप करताना ते प्रश्नचिन्ह गळालं. क्लेम फॉर्मवर कोड पडला सी३४, म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर. बायॉप्सी नाही, सीटी नाही, थुंकीची तपासणीसुद्धा नाही. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

मला याचा फार राग आला आणि अजून आहे. कारण आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांना कोड देणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, नेमक्या अशा वेळेसाठी कोड आहे: आर९१. फोटोत फुप्फुसावर काहीतरी वेगळं दिसलंय, नाण्यासारखा गोल डाग असेल किंवा गाठ असेल, पण ते काय आहे हे अजून ठरलेलं नाही, तर ते इथे बसतं. अमेरिकेतल्या आवृत्तीत त्याचे आणखी दोन भाग आहेत, एकट्या गाठीला आर९१.१ आणि बाकीच्याला आर९१.८. ओपीडीच्या कागदावर ‘शक्यता’, ‘संशय’ असं लिहिलेलं निदान कोड करायचंच नाही, जे दिसलं किंवा जो त्रास आहे तोच कोड करायचा, असा तिथला नियम आहे. नियम तिकडचा असला तरी मला तो मनापासून पटतो. सी३४ एकदा कागदावर चढला की पुढच्या प्रत्येक पॉलिसीत, प्रत्येक चौकशीत तो माणसाच्या मागे लागतो.

तर सेंटर. एचआरसीटीचे, म्हणजे फुप्फुसाच्या जास्त बारकाईच्या सीटीचे, ३,५०० रुपये दिले. काउंटरवरच्या मुलीने पैसे घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या: आधी कधी टीबी झाला होता का, विडी-तंबाखू आहे का, काम काय करत होता. शेवटचा प्रश्न ऐकून बरं वाटलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसला आयसीडीत स्वतंत्र कोड आहे, जे६६.०. सुट्टीनंतर कामावर परतल्यावर पहिल्या दिवशी छाती जड होते, ही त्याची खूण. यंत्रमागाच्या या गावात हा प्रश्न प्रत्येक छातीच्या फॉर्मवर असायलाच हवा, आणि मी तो फार कमी ठिकाणी पाहिलाय. मामांना १९९८ साली टीबी झाला होता, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होता. विडी दहा वर्षांपूर्वी सुटली. मुलीने विचारलं, जुना एक्स-रे आहे का? आहे, ट्रंकेत पिशवीत, २०१७ चा. तिने सांगितलं, घेऊन या, आम्ही थांबतो. नवऱ्याने रिक्षाने जाऊन आणला.

टेक्निशियनने टेबलावर घ्यायच्या आधी बाहेर बाकावर मामांकडून ‘श्वास भरा, धरा’ दोनदा करून घेतलं. श्वास हलला तर बारीक गाठ धूसर येते आणि माप चुकतं. हे इतक्या शांतपणे शिकवताना मी कुठे पाहिलं नव्हतं.

रिपोर्ट संध्याकाळी आला. त्यात लिहिलं होतं: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (भागात), मागच्या सेगमेंटला, एक भरीव गाठ, ८ बाय ६ मिलिमीटर, सरासरी ७. कोणत्या सीरिजच्या कितव्या इमेजवर दिसते तो आकडा. शेजारी जुन्या टीबीच्या व्रणांच्या रेघा आणि कॅल्शियमचे ठिपके, २०१७ च्या एक्स-रेतही तिथेच. गाठ मात्र जुन्या फिल्मवर नक्की सांगता येत नाही, हेही सरळ लिहिलं होतं. शेवटी सल्ला: थुंकी तपासा, आणि फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार ६ ते १२ महिन्यांत पुन्हा सीटी, मग १८ ते २४ महिन्यांत आणखी एकदा. ‘कॅन्सर’ हा शब्द निदान म्हणून कुठेही नव्हता. मला हेच हवं होतं. जे दिसलं ते मापासकट, जागेसकट. जे ठरलं नाही ते ठरलं नाही म्हणून.

एक चूक होती. वर वर्णनात ‘उजवा’ आणि खाली निष्कर्षात ‘डावा’. मी लगेच परत गेले. आर९१ ला बाजू लागत नाही, त्यामुळे माझा कोड बदलला नसता. पण पुढे गाठीचा तुकडा तपासायला सुई घालायची वेळ आली तर कोणत्या बाजूने घालणार? रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावलं, स्क्रीनवर ती इमेज उघडली, बोट ठेवून दाखवलं, “बघा ताई, उजवीच आहे. चूक आमची.” जुना रिपोर्ट गुपचूप बदलून दिला नाही. ‘सुधारित’ असं वर लिहून, काय सुधारलं ती ओळ, तारीख आणि वेळ टाकून, सही करून दिला. क्लेमच्या फाइलीत दोन वेगवेगळे रिपोर्ट आणि बदलाचं कारण नाही, अशी भानगड मी किती वेळा निस्तरलीय ते माझं मला माहीत.

पुढचं थोडक्यात. सिव्हिलमध्ये थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी, केली, टीबीचे जंतू मिळाले नाहीत. खोकला औषधाने गेला. हा रिपोर्ट जोडून पहिल्या हॉस्पिटलकडे डिस्चार्ज कार्ड दुरुस्तीचा अर्ज दिला. सही मिळायला एकोणीस दिवस आणि माझ्या सहा फेऱ्या लागल्या. आता कार्डावर गाठीसाठी आर९१ आणि जुन्या टीबीच्या व्रणांसाठी बी९०.९ आहे.

तक्रारी आहेत. वेळ दहाची दिली होती, नंबर पावणेबाराला लागला आणि बाहेर म्हाताऱ्या माणसाला टेकायला पाठीची खुर्ची नाही. सीडीचे वेगळे पैसे घेतात. तरी सीडी घ्याच, कारण पुढच्या वेळी तुलना करायला फिल्मपेक्षा सीडीतली डायकॉम इमेज (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) कामाची. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो मराठीत समजावून सांगायला कुणी आपणहून येत नाही, विचारावं लागतं. विचारलं तर मात्र नीट सांगतात.

पाचपैकी साडेचार. मामांचा पुढचा सीटी दिवाळीनंतर आहे, तिथेच. २०१७ चा एक्स-रे आणि ही सीडी एकाच पिशवीत घालून ट्रंकेत वरच ठेवलीय.