लिंक्डइनचे प्रोफाइल लिहून देणारी सेवा : एक अनुभव
नोकरी बदलायच्या बेतात असल्याने पुण्यातील एका सल्लागार संस्थेकडून मी लिंक्डइनचे प्रोफाइल नव्याने लिहून घेतले. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे नावाखालची ओळ. तिथे २२० अक्षरे मावत असली तरी शोधयादीत सुरुवातीचे मोजकेच शब्द चटकन नजरेत भरतात, हे ओळखून त्यांनी ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ हे पद मागे ढकलले आणि ‘औषध कंपन्यांसाठी कोल्ड चेन व गोदाम नियोजन’ हे प्रत्यक्ष काम पुढे आणले (कोल्ड चेन म्हणजे ठरावीक थंड तापमानात माल साठवण्याची व नेण्याची साखळी). त्यानंतर विचारणा याच क्षेत्रातून येऊ लागली. परिचयाचा मजकूर मात्र निराशाजनक होता. ‘ध्येयवेडे, परिणामकेंद्री नेतृत्व’ असली, लग्नाच्या बायोडेटातही शोभणार नाहीत अशी विशेषणे काढून मला तिथे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये लसी साठवणाऱ्या गोदामाच्या फेररचनेचे काम स्वतःच लिहावे लागले. दर आठवड्याला तयार पोस्ट पुरवण्याचे महागडे पॅकेज मी नाकारले, कारण दुसऱ्याच्या लेखणीतून उतरलेली मते मुलाखतीत शेवटी आपल्यालाच निस्तरावी लागतात. सेवा घ्यायचीच असेल, तर नावाखालची ओळ आणि अनुभवाची मांडणी एवढेच काम सुटे करून मिळते का, हे आधी विचारून घ्यावे.