गेमर पावडरीचा डबा: एका स्कूपमध्ये नक्की काय पडतं?

जी फ्युएल ही पाण्यात कालवून प्यायची अमेरिकन एनर्जी पावडर २०१२ सालापासून गेमर मंडळींना विकली जाते आहे. फेझ क्लॅन या ई-स्पोर्ट्स संघाच्या नावाची 'फेझबेरी', यूट्यूबर प्युडीपायच्या नावाची लिंगनबेरी चव, स्ट्रीमरांचे डिस्काउंट कोड, कार्टूनवाले शेकर असा सगळा थाट. नेहमीच्या डब्यात २८० ग्रॅम पावडर असते, ७ ग्रॅमचा एक असे ४० स्कूप, म्हणजे मापाचे चमचे. अमेरिकेत डबा साधारण ३६ ते ४० डॉलरला मिळतो, म्हणजे ग्लासाला एक डॉलर धरा. आपल्याकडे ती आयात होऊन येते, त्यामुळे विक्रेत्यागणिक भाव बदलतो आणि बहुधा चढाच असतो.

या पावडरीत काम करणारी वस्तू एकच, कॅफिन. एका स्कूपमध्ये ते डब्यानुसार १४० ते १५० मिलिग्रॅम असतं. कपभर चहात ३० ते ४० असतं हे लक्षात घेतलं तर एक स्कूप म्हणजे चार कप चहा एका दमात. साखर नाही, गोडवा सुक्रालोजचा. चव बरी आहे, फळांच्या चवी उजव्या. गार पाण्यात लवकर विरघळते. शेकर जोरात हलवला की फेस येतो, तो बसायला दोनेक मिनिटं द्यायची. चवीबद्दल तक्रार करण्यासारखं फार नाही.

तक्रार आहे ती लेबलबद्दल. टॉरिन, सिट्रुलिन मॅलेट, टायरोसिन, कोलिन अशी नावं 'एनर्जी कॉम्प्लेक्स', 'फोकस कॉम्प्लेक्स' अशा गटांत बांधलेली असतात आणि वजन फक्त गटाचं दिलेलं असतं. आतला घटक किती, ते गुलदस्त्यात. पण साधा हिशेब केला तरी बरंच कळतं. सिट्रुलिन मॅलेट जिममध्ये घेतात ते ६ ते ८ ग्रॅम, आणि इथे चव, आंबटपणा, रंग सगळं धरून अख्खा स्कूप ७ ग्रॅमचा! टायरोसिनवरचे प्रयोग बहुतेक किलोमागे १०० ते १५० मिलिग्रॅम अशा मात्रेत झाले आहेत. ६० किलोच्या माणसाला तेच किमान ६ ग्रॅम होतात. तेव्हा ही नावं यादीची शोभा वाढवतात, यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. बी-१२ चे हजारो टक्केही तसेच. प्रौढ माणसाची रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्याही आतली आहे आणि पोटात गेलेलं सगळं शोषलं जात नाही.

चहात असणारं थिॲनिन मात्र वेगळं. १०० मिलिग्रॅम कॅफिनला २०० थिॲनिन या जोडीने लक्ष टिकतं आणि कॅफिनची धडधड थोडी कमी जाणवते, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. एखाद्या पावडरीवर थिॲनिनचा आकडा सुटा छापलेला असेल तर त्या पावडरीला एक गुण जास्त द्यायला हरकत नाही. काही गेमिंग पावडरींवर 'मुकुना प्रुरिएन्स' असं भारदस्त नाव दिसतं. ही आपली खाजकुयली! तिच्या बियांत एल-डोपा, म्हणजे पार्किन्सनच्या औषधातलंच द्रव्य असतं. पार्किन्सनची किंवा काही प्रकारची नैराश्यावरची औषधं चालू असतील तर असा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये.

आता स्कूपकडे या, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. डब्यातला प्लास्टिकचा स्कूप आकारमान मोजतो, वजन नाही. सुरीच्या पाठीने सपाट केला तर ७ ग्रॅमच्या आसपास भरतो. शिगोशीग भरला तर सहज साडेनऊ ग्रॅम, म्हणजे १५० वाल्या डब्यात कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या वर. निरोगी प्रौढाने एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० च्या वर जाऊ नये, ही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादा. एक उंच स्कूप ती ओलांडतो. पावडर हलक्या हाताने भरली की कमी बसते आणि दाबून भरली की जास्त, म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या आणि निदान पहिल्या चार वेळा तोलून पाहा.

पावसाळ्यात हे आणखी अवघड होतं. पावडरीत सायट्रिक आम्ल आणि माल्टोडेक्स्ट्रिन असतं, दोन्ही दमट हवा ओढून घेतात. मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये उघडलेला डबा ऑगस्टपर्यंत दगड होतो. मग लोक चमच्याने ढेकळं फोडतात, आणि ढेकळांचा स्कूप कधी अर्धा असतो तर कधी दीडपट. उपाय सोपा आहे. डबा आणला की पंधरा दिवसांपुरती पावडर घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काढायची, सिलिका जेलची पुडी दोन्हीकडे ठेवायची आणि ओला चमचा आत घालायचा नाही. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. बाहेर काढलेल्या गार डब्यात हवेतलं पाणी जमतं.

वेळेचं गणित. कॅफिन रक्तात चढायला ३० ते ६० मिनिटं लागतात आणि निम्मं उतरायला सरासरी पाच तास. रात्री ८ ला स्क्रिम (सरावाची मॅच) असेल तर ग्लास सव्वासातला संपवायचा. सव्वासातचे १५० मिलिग्रॅम रात्री सव्वाबाराला ७५ उरतात, म्हणजे दोन कप चहा पिऊन अंथरुणावर पडल्यासारखं. दुसऱ्या दिवशी झोप अपुरी, म्हणून पुन्हा स्कूप, आणि या फेऱ्यात लोक महिनोन्‌महिने अडकतात. कॅफिन मेंदूतल्या झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवून झोपेची जाणीव दाबतं, झोपेची उधारी फेडत नाही. झोप नीट झालेल्या माणसाच्या प्रतिक्रियेच्या वेळेत पडणारा फरक बारीक असतो. जास्त फरक पेंगणाऱ्याला जाणवतो.

पाणीही जपून. ४७५ मिली पाण्यात कालवून मॅचच्या तोंडावर प्यायलं तर बीजीएमआय या मोबाईल गेमच्या एरांगेल नकाशात शेवटच्या सर्कलला लघवीला जायची वेळ येते. ३०० मिली पुरतं. आणि घोट घोट करत तीन तास पुरवू नका, दात तेवढा वेळ आम्लात भिजतात. पंधरा-वीस मिनिटांत संपवा, साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

मोबाईलवर खेळणाऱ्यांनी एक खूण ध्यानात ठेवावी. मात्रा जास्त झाली की आधी बोटं सांगतात. ६एक्स स्कोप (गेममधली दुर्बीण) लावून जायरोने, म्हणजे फोन हलवून, नेम धरला की क्रॉसहेअर बारीक थरथरतो आणि तळवे घामेजून अंगठा स्क्रीनवर अडकतो. ही सेन्सिटिव्हिटीची अडचण समजून लोक सेटिंगं बदलत बसतात. अर्धा स्कूप करून पाहावा, बहुतेकांना तेवढाच पुरतो. चेहरा लाल होऊन खाज सुटली तर ते बहुधा नियासिनचं (बी-३ जीवनसत्त्वाचं) काम, अर्ध्या-एक तासात ओसरतं. छातीत धडधड थांबत नसेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आपल्याकडे प्रत्यक्षात पोरं पितात ती २० रुपयांची स्टिंग. २५० मिलीच्या बाटलीत कॅफिन ७५ मिलिग्रॅमच्या आत असतं, कारण एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. कॅफिनच्या दृष्टीने म्हणजे अर्ध्या स्कूपएवढं, वर साखर. रेड बुलच्या २५० मिलीच्या कॅनमध्येही कॅफिन जवळपास तेवढंच आणि साखर २७ ग्रॅम. परदेशी भावंडाच्या बॅगेतून येणारे कॅन या नियमात बसत नाहीत. प्राइम एनर्जीच्या ३५५ मिली कॅनमध्ये २०० मिलिग्रॅम असतं. त्याच नावाच्या प्राइम हायड्रेशनमध्ये कॅफिन नसतं, दोन्ही सारखेच रंगीबेरंगी, म्हणून नाव पूर्ण वाचावं.

स्टिंगसारख्या बाटलीवर दिवसाला ५०० मिलीची मर्यादा आणि 'मुलांसाठी योग्य नाही' ही सूचना छापलेली असते, बारीक अक्षरांत. युरोपीय संस्थेचा हिशेब मुलांना किलोमागे ३ मिलिग्रॅम असा आहे. ४० किलोच्या मुलाला १२० झाले, म्हणजे एक सपाट स्कूपसुद्धा जास्तच. आठवी-नववीच्या पोराच्या हातात हा डबा देऊ नये, यावर चर्चा नको.

डबा घेताना १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, आयातदाराचं नाव-पत्ता, छापील किंमत आणि तारीख असलेलं चिकटपत्र पाहा. ते नसेल तर सवलत कितीही असो, सोडून द्या. झाकणाखालचं सील शाबूत हवं. सुटी कॅफिन पावडर तर आणूच नका. त्यातला एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफी, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बजावलेलं आहे.

पाचपैकी गुण: चव साडेतीन, लेबल दीड, किमतीच्या मानाने दोन.

पर्याय हवा असेल तर चिकोरी नसलेली इन्स्टंट कॉफी. तिच्यात कॅफिन किमान २.८ टक्के असावं लागतं, म्हणजे ३ ग्रॅमला ८४ मिलिग्रॅम. चिकोरीवाली ७०:३० घेतली तर त्याच ३ ग्रॅममध्ये साठाच्या आसपास. दोन घोट गरम पाण्यात कॉफी विरघळवायची, मग २५० मिली गार पाणी, बर्फ, वाटल्यास लिंबाची फोड. ५० ग्रॅमच्या बाटलीत असे सोळा ग्लास होतात. रोजची सवय असेल आणि सोडायची असेल तर एकदम थांबू नका, दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. दर तीन दिवसांनी पाव भाग कमी करत जा.